मधल्या वयाचा ‘मी’ : अलीकडे वाचलेल्या काही किशोर-कादंबऱ्यांविषयी

आजच्या व्याख्यानाच्या सूचनेत ‘यंग ॲडल्ट कादंबऱ्या’ असं छापलं आहे. त्याला एखादा बरा मराठी शब्द द्या, अशी संयोजकांची मागणी होती, आणि तिथेच आमची गाडी अडली. ‘किशोर’ म्हटलं की बालभारतीचं मासिक डोळ्यांसमोर येतं, १९७१ पासून चालत आलेलं, आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेलं. ‘कुमार’ म्हटलं की गंधर्व आठवतात. (हशा) ‘पौगंडावस्था’ हा शब्द तर पालकांसाठीच्या सदराबाहेर कुणी उच्चारत नाही, आणि त्यातही तो एखाद्या आजाराच्या नावासारखा येतो. पंचविशीला आपल्याकडे गद्धेपंचविशी असं झकास नाव आहे. पण तेरा ते अठरा या वयाला? ज्या वयात सकाळी ‘आता तू काही लहान नाहीस’ आणि संध्याकाळी ‘तू अजून लहान आहेस’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाकडून ऐकावी लागतात, त्या वयाला आपण नीट नावसुद्धा दिलेलं नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ साली या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग केला. म्हणजे तिकडे कपाट आधी आलं आणि त्यात ठेवायची पुस्तकं मागाहून आली, असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही सहा-सात जण दर महिन्याला एकत्र वाचतो. वयं तिशीपासून सत्तरीपर्यंत. म्हणजे ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिली गेली त्यांतलं आमच्यात कुणीही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गेले काही महिने आम्ही ठरवून अमेरिकी किशोर-कादंबऱ्या वाचल्या. त्यांतल्या चारांबद्दल आज जरा सविस्तर बोलायचं आहे, बाकीच्यांना ओझरता नमस्कार. आणि बोलता बोलता मराठीकडे यायचं आहे, कारण ही पुस्तकं वाचताना आमच्यात जी भांडणं झाली ती शेवटी सगळी मराठीवरच येऊन थांबली.

सुरुवात जुन्यापासून करू. ‘द आउटसायडर्स’, एस. ई. हिंटन, १९६७. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा लेखिका पंधरा वर्षांची होती आणि छापून आलं तेव्हा अठरा. नाव सुझन. पण मुलांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक ते बाजूला सारतील, म्हणून प्रकाशकांनी नुसती आद्याक्षरं छापायला सुचवलं. गोष्ट ओक्लाहोमातल्या टल्सा गावची. तिथे गरीब वस्तीतली ‘ग्रीझर’ मुलं आणि पैसेवाल्यांची ‘सोश’ मुलं यांचं हाडवैर. सांगणारा पोनीबॉय कर्टिस चौदा वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले, वीस वर्षांचा मोठा भाऊ डॅरी घर चालवतो, सोळाचा मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर काम करतो. एका रात्री बागेत मारामारी होते, पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवत असतात, त्याला वाचवण्यासाठी जॉनी सुरी चालवतो आणि एक मुलगा मरतो. मग पळणं, पडक्या चर्चमध्ये लपणं, चर्चला आग, मुलांना वाचवणं, एकामागून एक मृत्यू.

एक गंमत सांगतो. ग्रीझर म्हणजे केसांना भरपूर तेल-ग्रीस चोपडणारी पोरं. आमच्यातल्या एकीने हा परिच्छेद वाचता वाचता तोंडी मराठीत आणायचा प्रयत्न केला आणि आम्ही सगळे हसायला लागलो. कारण मराठीत तेल लावून चापून भांग पाडलेला मुलगा म्हणजे आईच्या धाकातला, शाळेत पहिल्या बाकावर बसणारा. टल्सात तोच गुंड! भाषांतर कुठे अडतं म्हणाल तर असं साध्या तेलाच्या बाटलीवर अडतं.

कथानक म्हणून बघाल तर ‘आउटसायडर्स’ भडक आहे. योगायोग फार, मरणं फार, रडणं त्याहून जास्त. एखाद्या प्रौढ लेखकाने हे असं लिहिलं असतं तर संपादकाने लाल शाई वापरली असती. पण या भडकपणाचं आम्हाला वावडं वाटलं नाही. चौदाव्या वर्षी जग खरोखर इतकंच भडक दिसतं. मित्र म्हणजे सगळं, अपमान म्हणजे मरण, आणि संध्याकाळचं आकाश एकट्याला बघवत नाही. लेखिका त्या वयाच्या बाहेर पडलेली नाही, म्हणून तिला ते ‘मुलांना असं वाटतं’ असं वरून सांगावं लागत नाही. आणि भावाभावांतलं जे आहे, म्हणजे डॅरी आपल्यावर सतत ओरडतो कारण आपण त्याला नकोसे आहोत, ही पोनीबॉयची खात्री आणि ती गळून पडते तो इस्पितळातला क्षण, ते कोणत्याही वयाच्या माणसाने लिहिलं तरी चांगलंच ठरलं असतं. शेवटी कळतं की हे सगळं पुस्तक म्हणजे पोनीबॉयने इंग्रजीच्या तासासाठी लिहिलेला निबंध आहे. नापास होऊ नये म्हणून लिहिलेला! पुढे कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालांनी आणि मुलांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र पाठवून यावर सिनेमा काढा म्हणून गळ घातली, आणि १९८३ साली तो आला. पुस्तक खऱ्या अर्थाने मुलांचं झालं याचा याहून चांगला दाखला नसेल.

आता दुसरं पुस्तक, ज्याच्याशी आम्ही सर्वांत जास्त वेळ होतो. लॉरी हॉल्स अँडरसन यांचं ‘स्पीक’, १९९९. मेलिंडा सॉर्डिनो नववीत नव्या शाळेत दाखल होते. पहिल्या दिवशीच तिच्याशी कुणी बोलत नाही. जिवलग मैत्रीण तोंड फिरवते. कारण एवढंच दिसतं की उन्हाळ्यातल्या एका पार्टीत हिने पोलिसांना फोन केला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. फोन का केला, हे कुणी विचारत नाही. ती सांगतही नाही. वाचकालासुद्धा बराच काळ सांगत नाही. त्या पार्टीत वरच्या वर्गातल्या एका मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता. फोन लागला तेव्हा तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. आणि तो मुलगा याच शाळेच्या कॉरिडॉरमधून रोज तिच्या शेजारून जातो.

ऐकताना वाटेल की भयंकर काळोखी पुस्तक असणार. मंडळी, हे पुस्तक विनोदी आहे. हेच त्याचं बळ. मेलिंडा बोलत नाही, पण तिच्या डोक्यातली बडबड अत्यंत तिखट आहे. शाळा मुलांना ज्या दहा थापा मारते त्यांची ती यादी करते. शाळेचं बोधचिन्ह वर्षभर बदलत राहतं, कारण प्रत्येक नावाला कुणीतरी हरकत घेतं. तिचे आईवडील एकमेकांशी आणि तिच्याशी स्वयंपाकघरात ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून बोलतात. हे सगळं आपण हसत वाचतो, आणि मध्येच लक्षात येतं की या मुलीचे ओठ सारखे चावून चावून सोलपटलेले आहेत. एका वाक्यात येतं आणि जातं. लेखिका त्यावर थांबत नाही. आम्ही मात्र थांबलो.

पुस्तकाची रचना शाळेच्या चार सत्रांवर बेतली आहे, प्रत्येक सत्राअखेर प्रगतिपुस्तक. म्हणजे एका मुलीचं आतून काय कोसळतंय ते आपल्याला गुणांत दिसतं. घरच्यांना फक्त गुण दिसतात. ‘अभ्यासात लक्ष नाही’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो! या पुस्तकातली मोठी माणसं दुष्ट नाहीत, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं. आई दुकानाच्या कामात पिचलेली आहे, वडील चिडके आहेत, समुपदेशक ठरावीक प्रश्न विचारतात. सगळे आपापल्या परीने विचारतात, पण उत्तर यायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबत नाहीत. थांबतो तो फक्त चित्रकलेचा शिक्षक, मिस्टर फ्रीमन. तो फुटक्या पृथ्वीगोलातून चिठ्ठी काढायला लावतो. मेलिंडाला विषय येतो ‘झाड’. वर्षभर फक्त झाड काढायचं. तिला जमत नाही. लिनोलियम कोरते, खोडते, फेकते. झाड हे प्रतीक आहे हे आंधळ्यालाही दिसेल, आणि एरवी आम्हाला असली प्रतीकं खटकतात. इथे खटकलं नाही, कारण मेलिंडाही आधी त्याला प्रतीक मानत नाही, तो तिच्यासाठी एक कंटाळवाणा गृहपाठ असतो. शाळेतली सफाईच्या सामानाची एक टाकून दिलेली कोठी ती आपली करते. तिथल्या आरशावर माया अँजेलोंचं पोस्टर लावते, कारण स्वतःचं तोंड तिला बघवत नाही. शेवटी त्याच कोठीत तो मुलगा पुन्हा तिला गाठतो, आणि त्याच आरशाची काच तिच्या हातात येते, आणि आवाज येतो. पुस्तक संपतं तेव्हा ती फ्रीमनसरांना सांगायला लागलेली असते. काय सांगते ते आपल्याला माहीत असतं, म्हणून लेखिका तिथे थांबते.

लेखिकेने पुढे २०१९ साली ‘शाउट’ नावाच्या पद्यातल्या आत्मकथनात स्वतःवर तेराव्या वर्षी झालेल्या बलात्काराबद्दल लिहिलं. म्हणजे ‘स्पीक’ आणि ते सांगणं यांत वीस वर्षं गेली. हे कळल्यावर ‘स्पीक’ या नावाचा अर्थ जरा वेगळा लागतो.

तिसरं पुस्तक ‘द हेट यू गिव्ह’, अँजी थॉमस, २०१७. हे आमच्या भांडणाचं पुस्तक. सोळा वर्षांची स्टार कार्टर काळ्यांच्या गरीब वस्तीत, गार्डन हाइट्समध्ये राहते आणि श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या मुलांच्या शाळेत जाते. एका रात्री बालमित्र खलील तिला गाडीतून घरी सोडत असताना पोलीस गाडी थांबवतो. खलील दारातून वाकून ‘ठीक आहेस ना’ असं तिला विचारतो, आणि पोलीस गोळ्या झाडतो. गाडीत बंदूक नसते, केस विंचरायचा ब्रश असतो. एकमेव साक्षीदार स्टार. पुस्तकभर ती त्या पोलिसाला नावाने हाक मारत नाही, बिल्ल्याच्या नंबरावरून ‘एकशेपंधरा’ म्हणते. टीव्हीवर खलीलला ड्रग विकणारा म्हणतात, त्याचंही जणू नाव काढून घेतात. ज्यांनी त्याचं नाव घेतलं पाहिजे ते घेत नाहीत, आणि ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे त्याचं नाव ही मुलगी घेत नाही. एवढ्या एका तपशिलात जे साधलंय, ते पुस्तकातल्या काही लांबलचक संवादांत साधलेलं नाही.

भांडण तिथेच. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, स्टारचे वडील मॅव्हरिक गाडीत बसून मुलीला व्यवस्था म्हणजे काय ते समजावतात तेव्हा कादंबरी थांबते आणि नागरिकशास्त्राचा तास सुरू होतो. बाकीच्यांचं म्हणणं, त्या घरात बाप खरोखरच असाच बोलतो. ज्याने मुलांकडून ब्लॅक पँथरांचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतला आहे, तो गाडीत काय क्रिकेटवर बोलणार? आम्ही यावर एकमत केलं नाही. पण एका जागी सगळे गप्प झालो. स्टार सांगते की ती बारा वर्षांची असताना आईवडिलांनी तिच्याशी दोन गोष्टी बोलून घेतल्या. एक, वयात आल्यावर मुलींशी बोलतात ती. दुसरी, पोलिसाने अडवलं तर काय करायचं ती. हात दिसतील असे ठेवायचे. झटका देऊन हलायचं नाही. विचारलं तरच बोलायचं. बापाने मुलीला शिकवायच्या गोष्टींत ही एक गोष्ट आहे, आणि ती पुस्तकात अगदी सहज, जणू सायकल शिकवल्यासारखी येते.

दुसरं, भाषा. शाळेतली स्टार वेगळी बोलते. वस्तीतला एकही शब्द तिथे तोंडातून निसटू देत नाही, रागावत नाही, आवाज चढवत नाही, नाहीतर ‘वस्तीतली’ असा शिक्का बसेल. त्याच शाळेतल्या गोऱ्या मुलींनी तेच शब्द वापरले तर त्या स्मार्ट ठरतात. हे वाचताना ‘अमेरिकेतला प्रश्न’ वगैरे म्हणून आम्हाला बाजूला बसता येईना. घरी एक मराठी आणि वर्गात दुसरी. ‘न’ आणि ‘ण’ चुकला की हसणारा वर्ग. मग हळूहळू वर्गात तोंडच न उघडणारी मुलं. आपल्या दलित आत्मकथनांत हे आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. शाळेचे प्रसंग त्यांत किती धारदार आहेत ते आपण जाणता. पण ती आत्मकथनं आपण प्रौढांनी प्रौढांसाठी वाचली. आठवीतल्या मुलाच्या हातात कादंबरी म्हणून, त्याच्याच वयाच्या ‘मी’ने सांगितलेली, ती गेली नाहीत.

चौथं जेसन रेनल्ड्स यांचं ‘लाँग वे डाउन’. हेही २०१७ चं. पद्यात आहे, म्हणजे मुक्तछंदात, पानावर थोडेच शब्द. पंधरा वर्षांचा विल. थोरल्या भावाला, शॉनला, गोळी घालून मारलंय. शॉन बाहेर कशाला गेला होता? आईला इसब आहे, तिच्यासाठी खास साबण आणायला. वस्तीचे तीन नियम पिढ्यान् पिढ्या चालत आलेले : रडायचं नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा. विल भावाच्या कपाटातून पिस्तूल काढतो, कमरेला खोचतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. सगळी कादंबरी लिफ्टमध्ये घडते. जेमतेम मिनिटभर. सातव्या मजल्यावर दार उघडतं आणि बक आत येतो. बक मेलेला आहे. मग प्रत्येक मजल्यावर एकेक जण, सगळे मेलेले : लहानपणी खेळाच्या मैदानावर गोळी लागून गेलेली मैत्रीण, काका, वडील. आणि हळूहळू कळत जातं की प्रत्येकाने नियम पाळला होता, म्हणूनच तो या लिफ्टमध्ये आहे. वडिलांनी सूड घेतला, पण चुकीच्या माणसावर. विलजवळचा पुरावा किती तकलादू आहे हे भुतं त्याला थेट सांगत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. शेवटी शॉन येतो. तो बोलत नाही. रडतो. म्हणजे पहिला नियम त्याने मोडला. लिफ्ट तळमजल्यावर पोचते, आणि पुस्तक एका अगदी छोट्या प्रश्नावर संपतं. विल बाहेर पडून काय करतो ते लेखक सांगत नाही.

या चारांत रचनेच्या दृष्टीने आम्हाला हेच उजवं वाटलं. बोध कुठे आहे? सगळीकडे आहे, पण एकही पात्र तो बोलून दाखवत नाही. ‘द हेट यू गिव्ह’ मध्ये मॅव्हरिकला जे चार पानं लागतात ते इथे एका भुताच्या सिगरेटच्या धुराने होतं. लिफ्टमध्ये धूर कोंडत जातो आणि विलला खोकला येतो, बस.

‘द हंगर गेम्स’ बद्दलही विचारलं जाईल, म्हणून दोन वाक्यं. सुझन कॉलिन्स, २००८. टीव्हीवर एकीकडे रिॲलिटी शो आणि एकीकडे इराक युद्धाची दृश्यं, असं चॅनेल बदलताना ही कल्पना सुचल्याचं लेखिकेने सांगितलंय, आणि ते पुस्तकात दिसतंही. कॅटनिस जेव्हा भूक, शिकार, भाकरी यांबद्दल बोलते तेव्हा पुस्तक खरं वाटतं. कोणत्या मुलावर जीव आहे याचा विचार करायला लागते तेव्हा आम्ही पानं भराभर उलटली. त्याच्या मागून आलेल्या नकलांबद्दल बोलण्यात वेळ घालवत नाही.

आता मराठी. या चारही पुस्तकांत एक गोष्ट समान आहे : सांगणारा ‘मी’ त्या वयाच्या आत उभा आहे. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक नाही. आठवणींची साय धरलेली नाही. आपल्याकडे बघा. ‘श्यामची आई’, १९३५. अमर पुस्तक, त्याबद्दल वाद नाही. पण बोलतोय तो मोठा श्याम, आश्रमात, सोबत्यांना, रात्रीमागून रात्र. आई कधीच गेलेली आहे. लहान श्याम चुकतो आणि मोठा श्याम त्या चुकीकडे ओल्या डोळ्यांनी बघतो. म्हणजे मुलाच्या चुकीचा अर्थ आधीच लागलेला असतो. पोनीबॉयला त्याच्या चुकीचा अर्थ लागलेला नाही. हा फरक लहान नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? आमचा लाडका. पण बनेश फेणेचं वय वाढत नाही आणि त्याच्या आत काही बिघडत नाही. बाहेर बिघडतं ते तो दुरुस्त करतो. साहसकथेचं ते काम त्याने चोख केलंय.

मग नववी-दहावीतली मराठी मुलं पन्नास वर्षं काय वाचत आली? आमच्या मते याचं उत्तर ‘मृत्युंजय’ आहे. योगायोग असा की तेही १९६७ चं, ‘आउटसायडर्स’ चंच वर्ष. शिवाजी सावंत तेव्हा सत्तावीस वर्षांचे. आणि कर्ण तरी कोण? ज्याला रिंगणात उतरू दिलं जात नाही, कुळ विचारून हिणवलं जातं, जो एका मित्रासाठी सगळं पणाला लावतो. ग्रीझरच की! सुट्टीत पालथं पडून ते जाडजूड पुस्तक वाचणारी, रात्री डोळे पुसणारी पंधरा वर्षांची मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना महाभारत हवं होतं असं नाही. त्यांना ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं ‘मी’ म्हणून सांगणारा कुणीतरी हवा होता. फक्त त्यासाठी त्यांना हस्तिनापुरापर्यंत जावं लागलं. पुढचा थांबा ‘कोसला’. पंचविशीतल्या नेमाड्यांनी १९६३ साली लिहिलेली, जवळजवळ आतूनच बोलणारी. पण ती कॉलेजातल्या, होस्टेलवरच्या मुलाची. मधली चार-पाच वर्षं तशीच राहतात.

त्या मधल्या वर्षांत सर्वांत आत शिरलेलं पुस्तक म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. नववीतला मुकुंद जोशी, शिरोडकर, मित्रांचा कंपू, बाहेर आणीबाणी. आवाज अचूक आहे. आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’ वाचून ज्याला आपलं लहानपण आठवलं नाही तो मराठी वाचक विरळा. इथेच आमची शंका उभी राहते : ही पुस्तकं कुणाला काय आठवून देतात? ‘शाळा’ २००४ ची, काळ १९७५-७६ चा. ती वाचून चाळिशीतली माणसं हळवी झाली, भेटींत पुन्हा पुन्हा बोलली. नववीतली मुलंही वाचतात, आवडीने वाचतात. पण त्यांना ती बापाच्या काळातली गोष्ट म्हणून मिळते. आपण आपलं मधलं वय फार सुंदर लिहिलं. आपल्या मुलांचं मधलं वय त्यांच्या हातात द्यायचं राहिलं आहे.

सिनेमाने ते केलं. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३. काळ्या चिमणीमागे धावणारा जब्या, वर्गातली मुलगी, आणि भर गावासमोर डुक्कर पकडण्याची पाळी. शेवटी त्याने भिरकावलेला दगड आपल्या अंगावर येतो. तो दगड बघताना आपण ‘आमच्या वेळी’ असं काही म्हणू शकत नाही. स्टार कार्टर पोलिसांच्या गाडीवर चढून भोंगा हातात घेते तो प्रसंग आणि जब्याचा दगड शेजारी ठेवले, तर आम्हाला दगड जास्त प्रामाणिक वाटला. स्टारच्या बोलण्याला लेखिकेने टाळ्यांची जागा ठेवली आहे. जब्याच्या दगडाला तशी जागाच नाही.

आता एक हरकत, जी आमच्यातही घेतली गेली. बलात्कार, गोळीबार, सूड, हे मुलांना का वाचायला द्यायचं? त्यांचं वय खेळायचं. अमेरिकेतही ही हरकत आहेच. तिथल्या ग्रंथालयांकडून ज्या पुस्तकांना हटवण्याची मागणी सर्वाधिक झाली त्यांच्या २०२० सालच्या पहिल्या दहांत ‘स्पीक’ चौथं आणि ‘द हेट यू गिव्ह’ दहावं. म्हणजे न बोलणाऱ्या मुलीच्या पुस्तकालाच गप्प करायची मागणी. आम्हाला ही हरकत हसण्यावारी न्यायची नाही. ज्या आईला भीती वाटते तिची भीती खोटी नसते. पण आपल्याकडे २०१२ साली मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध पॉक्सो कायदा करावा लागला. कायद्याला ही मुलं माहीत आहेत. पोलीस ठाण्यांना माहीत आहेत. मग कथेनेच त्यांना न ओळखण्याचं नाटक का करायचं? आणि ‘स्पीक’ मध्ये प्रसंगाचं वर्णन किती आहे? थोडकं. त्यानंतरच्या गप्प बसण्याचं वर्णन दोनशे पानं आहे. आईवडिलांनी घाबरायचंच असेल तर त्या दोनशे पानांना घाबरावं, आणि मुलीच्या आधी स्वतः वाचावं.

मराठीत कुणी लिहायला बसलं असेल, आणि या व्याख्यानाच्या श्रोत्यांत तसे लोक असतात हे आम्हाला माहीत आहे, तर एक विनंती. मुलाच्या तोंडी शहाणपण घालू नका. आमच्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत चौदा वर्षांचा मुलगा तिसऱ्या प्रकरणापर्यंत चौदाचा असतो आणि शेवटी त्याला मुख्याध्यापकांचा आवाज फुटतो. (हशा) आणि मोबाइल आला की कादंबरी आधुनिक झाली असंही नाही. मेलिंडाच्या हातात मोबाइल नाही, तरी ती आजची आहे. तिच्या गावाऐवजी सांगली किंवा परभणी येऊ द्या, चार सत्रांऐवजी दोन येऊ द्या, कोठीऐवजी प्रयोगशाळेमागचा जिना येऊ द्या.

व्याख्यानाआधी काही पालकांनी विचारलं होतं की सुरुवात कशाने करायची. आम्ही असं सुचवू : बारा-तेराच्या मुलाला ‘आउटसायडर्स’, इंग्रजी सोपं आहे, पहिल्या प्रकरणातच मारामारी आहे. चौदा-पंधराच्या मुलीला ‘स्पीक’, आणि मुलालाही, किंबहुना मुलाला आधी. ‘द हेट यू गिव्ह’ जाड आहे, शिवाय अमेरिकी बोली जरा अडवते. दोघांनी मिळून वाचलं तर भांडायला बरं. आणि ज्याला पुस्तक म्हटलं की झोप येते, त्याला ‘लाँग वे डाउन’. एका बैठकीत संपतं. संपल्यावर ‘मग त्याने पुढे काय केलं?’ असं तो विचारेल. त्याला उत्तर सांगू नका, त्यालाच विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. चला, आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आलाय, आधी तिकडे माइक द्या.